रात्री लावलेला रेंडर सकाळी अर्धवट: दुसरं मशीन घ्यायच्या आधी आणि घेतल्यावर काय तपासायचं

रात्री अकराला रेंडर (थ्रीडी सीनमधून एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, तयार करून घेणं) लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर फ्रेम ४१२ वर सगळं थांबलेलं, नाहीतर कॉम्प्युटर लॉगिन स्क्रीनवर येऊन बसलेला आणि ब्लेंडर, म्हणजे माझं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, उघडंच नाही. माझ्याकडे हे एकदा नाही, कितीतरी वेळा झालंय आणि दरवेळी कारण वेगळं निघालं, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय, कोणाची एक रात्र जरी वाचली तरी बरं.

मी सोलापूरला घरूनच ॲनिमेशन करतो, लहान मुलांची बालगीतं, शाळांचे छोटे व्हिडिओ, गणपतीच्या आधी मंडळांची कामं. ब्लेंडर, त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन, सेकंदाला २४ फ्रेम. जुन्या मशीनमध्ये जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आहे, ६ जीबीचं, आणि १६ जीबी रॅम. अडीच मिनिटांचं गाणं म्हणजे १५० सेकंद, त्याच्या ३६०० फ्रेम. माझ्या सीनला एक फ्रेम सरासरी ४ मिनिटं खाते, म्हणजे २४० तास, म्हणजे मशीन एक क्षणही न थांबता चाललं तर पूर्ण दहा दिवस. पण दिवसा त्याच मशीनवर पुढचं काम करायचं असतं, मग रेंडरला फक्त रात्र उरते, दहा तास धरले तर २४ रात्री, आणि त्यातल्या दोन-तीन फुकट गेल्या की समोरच्याला फोन करून तारीख वाढवून मागायची. ते फोन करणं मला अजिबात आवडत नाही.

म्हणून दुसरं मशीन घ्यायचं ठरवलं आणि घेतलं. पण पहिल्याच आठवड्यात एका रात्री दोन्ही मशीनं एकदम बंद पडली, कारण दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, एकाच छोट्या यूपीएसवर होती. पहिल्या मशीनवर रेंडर का तुटतो हे शोधलं नाही तर दुसरं घेऊन तेच दुखणं दोन ठिकाणी होतं, हे तेव्हा नीट कळलं. त्यामुळे आधी निदान, मग खरेदी.

सगळ्यात आधी एक गोष्ट, तुम्ही थेट एमपी४ मध्ये रेंडर काढत असाल तर आजच बंद करा. एमपी४ फाईलचा शेवटचा महत्त्वाचा भाग रेंडर पूर्ण झाल्यावरच लिहिला जातो, मधेच लाईट गेली की आधीच्या ४०० फ्रेम असूनही फाईल उघडत नाही. पीएनजी किंवा ओपन ईएक्सआरचा सिक्वेन्स काढा, एक फ्रेम एक फाईल, म्हणजे तुटलं तरी झालेलं काम हातात राहतं, आणि व्हिडिओ शेवटी ब्लेंडरच्याच व्हिडिओ एडिटरमध्ये काही मिनिटांत तयार होतो.

आता रात्री नक्की काय झालं ते कसं कळणार. अंदाज बांधत बसण्यापेक्षा विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टीम उघडा आणि शेवटच्या फ्रेमच्या फाईलची वेळ बघून त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचा. कर्नल पॉवर ४१ दिसलं तर मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलंय, म्हणजे लाईट, एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) किंवा मशीनच फ्रीझ झालेलं. १०७४ दिसलं तर कोणीतरी रीतसर रीस्टार्ट केलंय, बहुतेक वेळा अपडेटने, आणि कोणत्या प्रोग्रॅमने केलं ते नाव तिथेच लिहिलेलं असतं. कर्नल पॉवर ४२ म्हणजे मशीन झोपायला गेलं. ४१०१ म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं बंद केलं आणि तो परत चालू झाला, अशा वेळी कॉम्प्युटर चालू दिसतो पण ब्लेंडर गेलेलं असतं. यातलं काहीच नसेल आणि ब्लेंडर उघडंच असेल पण वर मेमरी संपल्याचा मेसेज असेल तर भानगड सीनमध्ये आहे. हे चार आकडे मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेत.

स्लीप आणि अपडेट ही सगळ्यात सोपी दुरुस्ती, पाच मिनिटांची. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर, अपडेट काही दिवस पॉज, आणि अपडेट स्वतः हाताने रविवारी दिवसा करायचं. ड्रायव्हर एनव्हिडियाचा असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ घ्या आणि प्रोजेक्ट अर्ध्यात असताना बदलू नका.

लाईटचं जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे बहुतेकांचं दुखणं इथेच असतं. घरी इन्व्हर्टर आहे, मग मशीन का बंद पडतं, असं मला खूप दिवस वाटायचं. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, नॉर्मल मोड आणि यूपीएस मोड. नॉर्मलमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला जो वेळ लागतो त्यात पंखा आणि बल्ब यांना फरक पडत नाही पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडला तो वेळ कमी असतो. माझं अर्धं दुखणं त्या एका बटणाने गेलं, आणि तेवढ्यासाठी मी जवळजवळ नवा एसएमपीएस घ्यायला निघालो होतो.

वेगळा यूपीएस घेणार असाल तर व्हीए आणि वॉट यातला फरक बघून घ्या. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर साधारण ३६० वॉट लिहिलेलं असतं आणि दोन रेंडर मशीनं त्यावर टिकत नाहीत, लाईट गेल्या क्षणी तो ओव्हरलोड होऊन सगळं बंद करतो. एका मशीनला एक यूपीएस हे बरं. यूपीएसवर रात्रभर रेंडर चालणार नाही, त्याचं काम फक्त ते दोन-चार मिनिटांचे झटके झेलणं आणि लाईट जास्त वेळ गेलीच तर मशीन नीट बंद करणं. अर्थिंग नसलेल्या जुन्या बोर्डवर मशीन लावू नका, आधी वायरमनला बोलवा.

उष्णतेचं बोलायचं तर सोलापूरचा मे महिना काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, रात्री एक वाजतासुद्धा भिंत हाताला गरम लागते. कार्ड तापलं की स्वतःचा वेग कमी करतं, म्हणजे बंद पडलं नाही तरी ४ मिनिटांची फ्रेम ५ मिनिटांवर जाते आणि आपल्याला वाटतं सीन जड झालाय. त्यात आमच्या गल्लीत माग आहेत, टॉवेल आणि चादरीचे, हवेत कापसाचे बारीक तंतू सतत असतात आणि ते कार्डाच्या पंख्यामागच्या पट्ट्यांत घट्ट बसतात, नमद्यासारखा थर होतो. मी दर महिन्याला मशीन अंगणात नेऊन ब्लोअरने साफ करतो, पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो. दुसरा उपाय म्हणजे कार्डाची पॉवर लिमिट कमी करणं, एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये एक पट्टी आहे ती ८० टक्क्यांवर आणायची. वेग थोडासाच कमी होतो पण तापमान आणि आवाज दोन्ही चांगलेच उतरतात, उन्हाळ्यात मला हा सौदा एकदम पटतो.

आता मेमरी, कारण दुसरं मशीन कोणतं घ्यायचं याचं उत्तर इथेच आहे.

जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, रेंडर करायचा तर सीनची भूमिती, टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं), सगळं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत बसावं लागतं. डिस्कवर एखादं जेपीजी टेक्स्चर ५ एमबीचं दिसतं म्हणून ते हलकं असतं असं नाही, मेमरीत ते उलगडतं. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाईट, म्हणजे एक फोरके टेक्स्चर ६४ एमबी. अशी ५० असली की ३.२ जीबी गेले, आणि एटके, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट, असेल तर एकच २५६ एमबीचं. माझ्या बालगीतात मागे दिसणाऱ्या एका विहिरीच्या दगडाला मी एटकेची तीन टेक्स्चर लावून ठेवली होती, ती विहीर पडद्यावर अंगठ्याएवढी दिसते. मेमरी संपली की सायकल्स काही टेक्स्चर साध्या रॅममध्ये ठेवून काम चालवायचा प्रयत्न करतं, त्यात वेग पडतो, आणि तरी जमलं नाही की रेंडर थांबतो. आणि हे फ्रेम १ वर होत नाही, कॅमेरा फिरून सगळी झाडं समोर येतात त्या फ्रेमवर होतं, म्हणून रात्री झोपताना सगळं ठीक वाटतं.

उपाय असा की लावायच्या आधी सगळ्यात जड फ्रेम शोधा, ती एकटी रेंडर करा आणि टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची) आणि शेअर्ड (साध्या रॅममधली) जीपीयू मेमरी मिळून किती चढते ते बघा. रेंडरच्या सेटिंगमध्ये सिम्प्लिफाय चालू करून टेक्स्चरची मर्यादा टूके करून बघा, बहुतेक शॉटमध्ये फरक दिसतसुद्धा नाही. झाडं, गवत, माणसांची गर्दी शिफ्ट डी करून वाढवली असेल तर प्रत्येकाची वेगळी मेमरी जाते, आल्ट डी केलं तर सगळे एकाच मूळ आकारावर (मेशवर) चालतात. पर्सिस्टंट डेटा हा पर्याय ॲनिमेशनला वेग देतो पण मेमरी जास्त धरून ठेवतो, ६ जीबीच्या कार्डावर मी तो बंदच ठेवतो. आणि रेंडर ब्लेंडरची खिडकी उघडून न लावता कमांड लाईनवरून लावा, डॅश बी, मग फाईलचं नाव, मग डॅश ए. डॅश ए सगळ्यात शेवटी, त्याच्यानंतर लिहिलेल्या सूचना तो रेंडर सुरू व्हायच्या आधी वाचतच नाही. खिडकी नसली की व्ह्यूपोर्टला (सीन दाखवणाऱ्या भागाला) लागणारी मेमरीही वाचते.

एवढं सगळं करून मग माझा आकडा आला, जड फ्रेमला साधारण साडेसात जीबी. म्हणजे ६ चं कार्ड अपुरं, ८ चं अगदी काठावर, म्हणून १२. मी आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीचं. हे घेताना खोका नीट वाचा कारण त्याच नावाचं ८ जीबीचं मॉडेलही निघालं होतं. दुकानात खूप जण म्हणाले की ४०६० घ्या, नवीन आहे, वेगवान आहे. खरं आहे, पण ते ८ जीबीचं आहे, आणि वेगवान कार्डात सीन बसलाच नाही तर त्या वेगाचं काय करायचं. बजेट असेल तर ४०६० टीआय किंवा ५०६० टीआय, दोन्हींत १६ जीबीचं मॉडेल मिळतं, तेच मागायचं. दोन कार्डं लावून ६ अधिक ६ बारा होतील असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, या कार्डांत मेमरी एकत्र होत नाही, प्रत्येकात पूर्ण सीन बसावा लागतो.

सेकंडहँडचा प्रश्न खूप जण विचारतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी मायनिंगची पद्धत सोडली आणि त्यानंतर वापरलेली कार्डं बाजारात ढिगाने आली, त्यातली बरीच अजून फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं मी म्हणणार नाही, पण मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा कुठेही बघायला जाताना स्वतःच्या सीनची फाईल आणि पोर्टेबल ब्लेंडर पेनड्राईव्हवर घेऊन जा, अर्धा तास तुमचाच सीन त्यावर चालवायला सांगा, नाही म्हणाले तर निघून या.

बाकीच्या मशीनवर फार पैसे घालू नका. जीपीयूवर रेंडर होणार असेल तर सहा कोरचा साधा प्रोसेसर पुरतो, केसाचा आणि कपड्यांचा हिशोब आपण आधीच बेक करून, म्हणजे एकदाच काढून फाईलमध्ये साठवून, ठेवणार आहोत. रॅम मात्र ३२ जीबी, कार्डाच्या मेमरीच्या दुपटीपेक्षा कमी नको कारण सीन आधी रॅममध्ये तयार होतो मग कार्डावर जातो. एसएमपीएसला कंजूषी नको, ३०६० ला १७० वॉट लिहिलेत, पण कार्ड क्षणभरासाठी त्याच्या वर उडी मारतं, मी चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ लावलाय. कॅबिनेट पुढून जाळीचं, काचेचं नाही. आणि मॉनिटर, कीबोर्ड काहीही लागत नाही, एकदा सेटअप झाला की एनीडेस्कवरून (एका मशीनची स्क्रीन दुसरीकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) बघता येतं.

मॉनिटर लागत नाही याचा एक मोठा फायदा, मशीन तुमच्या खोलीत असायची गरजच नाही. माझं आता खाली जिन्याखाली आहे, तिथे फरशी गार असते, मागाच्या बाजूला खिडकी नाही, आणि आईची झोपही मोडत नाही. फक्त लॅनची वायर वरून खाली ओढावी लागली. वायफायवर ठेवू नका, मी सुरुवातीला ठेवलं होतं, रात्री दोनला नेटवर्क क्षणभर गेलं की शेअर्ड फोल्डर दिसत नाही, फ्रेम लिहिता येत नाही आणि रेंडर तिथेच संपतो.

हिशोब बघा. नवीन कार्डावर तीच फ्रेम दीड मिनिटात होते. ३६०० फ्रेम म्हणजे ९० तास, पावणेचार दिवस. दोन्ही मशीनं सतत लावली तर साधारण साडेपासष्ट तास. म्हणजे जुनं मशीन लावून एक दिवस वाचतो, पण त्या बदल्यात तीन दिवस मी हात बांधून बसतो. म्हणून मी जुनं फक्त रात्री जोडतो, दिवसा त्यावर ॲनिमेशन आणि खाली नवं एकटं रेंडर करतं. विजेचं म्हणाल तर खालचं मशीन भिंतीच्या वॉटमीटरवर २६० वॉटच्या आसपास दाखवतं, ९० तासांचे साधारण २३ युनिट, तुमच्या बिलावरचा दर लावून ते कोटेशनमध्ये धरा, मी आधी धरत नव्हतो.

दोन्ही मशीनं एकाच कामाला लावायची सोपी युक्ती ब्लेंडरमध्येच आहे. आऊटपुट सेटिंगमध्ये ओव्हरराईट बंद करायचं आणि प्लेसहोल्डर्स चालू. मग प्रत्येक मशीन फ्रेम हातात घेताना त्या नावाची रिकामी फाईल आधी बनवतं, दुसरं मशीन ती बघून पुढची घेतं. दोघांना आऊटपुटचा शेअर्ड फोल्डर एकच हवा, बस. शॉट जास्त असतील तर फ्लेमेंको हे मशीनांत रेंडर वाटून देणारं सॉफ्टवेअर बघा, ब्लेंडरवाल्यांचंच आहे, फुकट आहे, एका मशीनवर मॅनेजर (काम वाटणारा) आणि दोन्हीवर वर्कर (रेंडर करणारा) चालतो, ब्राउझरमध्ये कुठल्या मशीनवर कोणती फ्रेम चालू आहे ते दिसतं. खालच्या मशीनच्या बायॉसमध्ये लाईट परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग आहे ते लावा आणि वर्कर स्टार्टअपमध्ये टाका, म्हणजे लाईट गेली-आली तरी तो स्वतः उठून कामाला लागतो.

इथून पुढे नवीन प्रकारचा त्रास सुरू होतो, दोन मशीनच्या फ्रेम एकमेकींशी जुळत नाहीत. व्हिडिओ लावला की दर दुसरी तिसरी फ्रेम लुकलुकते. माझ्याकडे झालं ते असं की वरच्या मशीनवर ब्लेंडर ४.२ होतं आणि खालच्यावर ३.६. ब्लेंडर ४.० पासून रंगांसाठी मुळात एजीएक्स येतं, त्याआधी फिल्मिक होतं, जुन्याला एजीएक्स माहीतच नाही, त्यामुळे खालच्या सगळ्या फ्रेमचे रंग वेगळे, एक रात्र पूर्ण परत काढावी लागली. दोन्हीकडे शेवटच्या आकड्यापर्यंत तेच व्हर्जन ठेवा. डिनॉइजर (फ्रेममधले दाणे काढणारा) पण दोन्हीकडे एकच, एकावर एनव्हिडियाचा ऑप्टिक्स आणि दुसऱ्यावर इंटेलचा असं नको. कपडे, केस, धूर, सगळं बेक करून कॅश फाईलसोबत ठेवा, नाहीतर फ्रेम ५०० पासून सुरू करणाऱ्या मशीनला आधीचा हिशोब माहीत नसतो आणि मुलीची वेणी उडी मारते. टेक्स्चर गुलाबी झालं तर पाथ चुकलाय, फाईल मेन्यूतून पाथ रिलेटिव्ह करा किंवा सगळं पॅक करा. मराठी शीर्षकं मी इंकस्केपमध्ये लिहून, अक्षरांचे पाथ करून एसव्हीजी आणतो, ब्लेंडरच्या टेक्स्टमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसत नाहीत, आणि असं केलं की खालच्या मशीनवर फाँट आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही.

खालचं मशीन विचित्र संथ वाटलं तर आधी त्याच्या ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीममध्ये जाऊन ऑप्टिक्स आणि कार्डावर टिक आहे का बघा. हे सेटिंग फाईलसोबत येत नाही, प्रत्येक मशीनवर वेगळं करावं लागतं, आणि नसेल तर ते काही न बोलता प्रोसेसरवर रेंडर करत राहतं.

सीनमध्ये बदल केला की आऊटपुटला नवीन फोल्डर द्या, कारण ओव्हरराईट बंद असल्यामुळे जुन्या फ्रेम असतील तिथे नवीन लिहिल्याच जात नाहीत. आणि शेवटचं, मशीन अचानक बंद पडलं असेल तर त्या वेळी हातात असलेल्या फ्रेमची रिकामी फाईल तशीच मागे राहते, दोन्ही मशीनं तिला झालेली समजून सोडून देतात. म्हणून सकाळी मी चहाच्या आधी फोल्डर आकाराप्रमाणे लावतो, शून्य केबीच्या सगळ्या डिलीट करतो, सोबत ज्या शेजारच्या फ्रेमपेक्षा फारच लहान दिसतात त्याही उघडून बघतो, आणि तोच रेंडर पुन्हा लावतो, दोन-तीन फ्रेमच उरलेल्या असतात, दहा मिनिटांत होतात.